वस्ती पाडण्याआधी वस्ती वाचा : पॅट्रिक गेडिस यांचे जीवन आणि आपला घराचा प्रश्न

वस्तीच्या तोंडाशी पुनर्विकासाचा फलक लागला की पहिली चर्चा चौरस फुटांची होते. घर किती फुटांचे, कितव्या मजल्यावर, ट्रान्झिटमध्ये किती वर्षे काढायची, भाडे वेळेवर मिळणार का? हे प्रश्न अगदी रास्त आहेत. पण अभ्यासिका कुठे असेल, बालवाडी कुठे, विहाराची जागा नकाशात आहे का, म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळी बसायचे कुठे, लिफ्टचे बिल दर महिन्याला कोण भरणार, हे प्रश्न फार उशिरा विचारले जातात. तोवर नकाशा मंजूर झालेला असतो आणि सह्याही होऊन गेलेल्या असतात.

घर म्हणजे फक्त खोली नाही, त्या खोलीभोवतीचे सगळे जगणे त्यात येते, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मुंबईत शिकवणारा एक माणूस होता. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. ते स्कॉटलंडचे, मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. आर्किटेक्टच्या आणि नगररचनेच्या वर्गात त्यांचे नाव आजही घेतले जाते. आपल्या वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपर्यंत मात्र ते फारसे पोहोचलेले नाही. म्हणून त्यांची जीवनकथा आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत. त्यांच्याकडून घ्यावे असे पुष्कळ आहे. ते जिथे कमी पडले ते सांगणेही आम्ही टाळणार नाही, कारण ती उणीव नेमकी आपल्या प्रश्नाशी येऊन भिडते.

सैनिकाचा मुलगा

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलॅटर या गावी झाला. वडील ब्रिटिश सैन्याच्या हायलँड पलटणीत होते. निवृत्तीनंतर कुटुंब पर्थ गावाजवळ राहायला आले. घराला बाग होती, मागे टेकडी होती. वडिलांबरोबर बागेत राबणे आणि टेकडीवरून खालचे गाव न्याहाळणे हे त्यांचे पहिले शिक्षण. गाव उंचावरून पाहायचे, मग खाली उतरून गल्लीगल्लीतून पाहायचे, ही सवय त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

तरुणपणी त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. तिथे मन रमले नाही. १८७०च्या दशकात ते लंडनला जाऊन टी. एच. हक्स्ले या नामवंत जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. परीक्षेसाठी घोकंपट्टी करणे त्यांना मान्य नव्हते. पुढे हा माणूस प्राध्यापक झाला तो केवळ कामाच्या जोरावर.

१८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी काही काळ गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत त्यांना बरेच दिवस काढावे लागले. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करण्याइतकी ताकद डोळ्यांत राहिली नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला हा माणूस मग समाजाकडे वळला. एक धडा मात्र त्यांनी जीवशास्त्रातूनच घेतला होता. जीव आणि त्याचा परिसर वेगळे करता येत नाहीत. माणूस, त्याचे काम आणि त्याची जागा या तिन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

आधी तिथे राहायला जा

एडिंबरा शहराचा जुना भाग त्या काळी गरिबांची वस्ती झाला होता. शंभर वर्षांपूर्वी श्रीमंत लोक तिथून उठून शेजारी वसवलेल्या नव्या नगरात गेले होते. मागे राहिल्या उंच, काळवंडलेल्या दगडी इमारती. एकेका खोलीत एकेक कुटुंब, अंधारे जिने, खालून वर वाहून न्यायचे पाणी आणि आजारपण. बीडीडी किंवा बीआयटी चाळीत वाढलेल्या आपल्या तरुणांना हे चित्र वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

१८८०च्या दशकाच्या मध्यावर गेडिस आणि त्यांच्या सोबत्यांनी एडिंबरा सोशल युनियन ही संस्था सुरू केली. लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाई मोडकी घरे दुरुस्त करून, माफक भाड्याने देऊन, भाडेकरूंशी सतत संपर्क ठेवून चालवत होत्या. तो नमुना या मंडळींसमोर होता. १८८६ साली गेडिस यांचे ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले. ॲना स्वतः समाजकार्यात होत्या. लग्नानंतर या जोडप्याने चांगल्या भागात बिऱ्हाड थाटले नाही. ते जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट नावाच्या आवारात, त्याच मोडकळलेल्या इमारतींपैकी एकीत राहायला गेले.

तिथे त्यांनी भाषणे दिली नाहीत. स्वतः हातात कुंचला घेऊन भिंतींना चुना लावला, आवारातला कचरा काढला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. शेजारी आधी बघत राहिले, मग हळूहळू हाताशी आले. जी घरे दुरुस्त होण्यासारखी होती ती दुरुस्त झाली. जे भाग खरोखर कुजले होते तेवढेच पाडले गेले, आणि पाडल्यावर मोकळी झालेली जागा उजेडासाठी, वाऱ्यासाठी ठेवली गेली. नवी इमारत उभी करण्याच्या नावाखाली कोणाला हाकलायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम येथे तयार झाला.

१८८७ साली त्यांनी याच जुन्या इमारतींत विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. त्याचे वैशिष्ट्य असे की ते विद्यार्थी स्वतः चालवत. तिथे वॉर्डन नव्हता. भाडे, खर्च, शिस्त आणि नव्या विद्यार्थ्याला घेणे न घेणे हे सारे राहणारेच ठरवत. पुढे किल्ल्याजवळ रॅम्से गार्डन ही घरांची वसाहत उभी राहिली. १८९२ साली त्यांनी आउटलुक टॉवर ही जुनी इमारत ताब्यात घेतली. तिच्या माथ्यावर आरसा आणि भिंग लावलेली अंधारी खोली होती, ज्यात सारे शहर पांढऱ्या मेजावर हलताना दिसे. खालच्या मजल्यांवर शहराची, देशाची आणि जगाची माहिती मांडलेली असे. सामान्य माणसाने आधी आपले शहर समजून घ्यावे आणि मग त्यात बदल मागावा, यासाठी ही सोय होती.

जुन्या शहरातल्या पडीक मोकळ्या तुकड्यांची मोजणीही त्यांच्या गटाने केली. कुठे पडलेल्या घराची जागा, कुठे दोन इमारतींमधला उकिरडा. त्यातल्या काहींवर मुलांसाठी आणि आयांसाठी छोट्या बागा झाल्या. या कामात त्यांची मुलगी नोरा पुढे होती. एवढ्याशा जागेत काय होणार असे म्हणणाऱ्यांना त्या बागांनीच उत्तर दिले.

हे सारे सोपे नव्हते. गेडिस कल्पनांत पुढे आणि हिशेबात मागे असत. इमारती घेण्यासाठी कर्ज वाढत गेले. अखेर १८९६ साली टाऊन अँड गाऊन असोसिएशन या नावाने एक कंपनी स्थापून तिच्याकडे मालमत्तेचा कारभार सोपवावा लागला. आम्ही ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. गरिबांना परवडणारे घर उभे करणे हे जितके सद्भावनेचे काम आहे तितकेच चोख हिशेबाचे. दुरुस्तीचा निधी नसेल तर चांगली इमारतही पंधरा-वीस वर्षांत पुन्हा मोडकळीला येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी त्यांना १८८८ पासून डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद होते. त्या पदावर फक्त उन्हाळ्याच्या सत्रात शिकवावे लागे. उरलेला वेळ शहरांसाठी.

भारतात आगमन

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस भारतात आले. जगभरातल्या शहरांचे नकाशे, चित्रे आणि आराखडे यांचे मोठे प्रदर्शन ते बरोबर आणणार होते. महायुद्ध सुरू झाले होते. प्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे क्लॅन ग्रँट हे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात बुडवले. आयुष्यभराची जमवाजमव समुद्राच्या तळाशी गेली. मित्रांनी इंग्लंडहून घाईघाईने नवे सामान पाठवले आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी भारतभर पायी फिरण्यात घालवली. ठाणे, अहमदाबाद, बडोदा, लखनौ, लाहोर, बलरामपूर, जबलपूर, ढाका, तंजावर, मदुराई अशा कितीतरी गावांचे अहवाल त्यांनी लिहिले. त्या काळी इंग्रज अभियंत्यांची ठरलेली रीत होती. नकाशावर पट्टी ठेवायची, सरळ रस्ता आखायचा, मध्ये येणारी घरे पाडायची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हापासून ही रीत आपल्याकडे जोरात चालली होती. ट्रस्टने रस्ते रुंद केले, पण पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या कमी पडल्या.

गेडिस यांचा आक्षेप साधा होता. दाट वस्तीतली घरे पाडली की तिथली माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या गल्लीत जातात. त्या गल्लीत गर्दी वाढते, भाडे वाढते, रोगराई वाढते. मग ती गल्लीही गलिच्छ ठरते आणि तिच्यावरही नांगर फिरतो. अशा सुधारणेत गरीब माणूस एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत ढकलला जातो एवढेच.

त्यांनी दुसरी पद्धत मांडली. एखादा चांगला शल्यविशारद रोग्याचा अख्खा पाय कापत नाही, सडलेला भाग तेवढाच काढतो. तसेच वस्तीचे. आधी प्रत्येक गल्लीत चाला. कोणते घर पक्के आहे, कोणते दुरुस्त होईल, कोणते पडायला आले आहे, कोणती जागा आधीच रिकामी आहे हे नकाशावर नोंदवा. विहीर कुठे, झाड कुठे, बायका धुणे कुठे धुतात, मुले कुठे खेळतात तेही नोंदवा. मग पडकी घरे काढून, रिकामे तुकडे जोडून छोटे चौक करा. त्यात झाड लावा, पार बांधा, विहीर साफ करा. रस्ता थोडा वळला तर वळू द्या. तंजावरला त्यांनी अशीच योजना सुचवली. अभियंत्यांच्या योजनेपेक्षा तिचा खर्च पुष्कळ कमी होता आणि तीत घरेही कमी पडणार होती.

तळी आणि कुंडांबद्दलही त्यांचे मत असेच होते. हिवतापाच्या भीतीने अधिकारी तळी बुजवायला निघत. गेडिस सांगत की तळे साफ ठेवा, त्यात मासे आणि बदके सोडा, ती डासांच्या अळ्या खातील. तळे राहिले तर पावसाचे पाणी साठते, आजूबाजूच्या विहिरींना पाणी राहते, वस्तीला गारवा मिळतो. आज ज्याला आपण शाश्वत विकास म्हणतो, त्याची ही साधी, कमी खर्चाची भाषा होती.

इंदूरची दिवाळी

गेडिस यांच्या भारतातील कामात इंदूरची गोष्ट सर्वांत प्रसिद्ध आहे. १९१७ साली होळकर संस्थानाच्या या राजधानीत प्लेगचे भय होते. शहर सुधारणेसाठी गोरा साहेब आला आहे, म्हणजे आता घरे पाडणार, या समजुतीने लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. रस्त्यातून जाताना आपल्याकडे बोट दाखवले जाते हे त्यांनी पाहिले.

त्यांनी दरबाराकडे एक वेगळीच मागणी केली. येत्या दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती द्यावी. ती मंजूर झाल्यावर त्यांनी गावात जाहीर केले की मिरवणूक दरवर्षीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या भागात घरांची सफाई आणि दुरुस्ती सर्वांत चांगली होईल, त्या भागातून ती जाईल. कचरा फुकट उचलला जाईल. मग गावात चढाओढ लागली. घराघरातून वर्षानुवर्षांची अडगळ निघाली, हजारो गाड्या कचरा गावाबाहेर गेला, भिंती रंगल्या, असंख्य उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, पिकांचे देखावे होते. त्यामागे पडक्या घरांचे देखावे, घाणीचा प्रचंड राक्षस आणि प्लेगचा महाकाय उंदीर. आणि त्यांच्यामागून आले शहराचे सफाई कामगार. पांढरेशुभ्र कपडे, नवे फेटे, हातात नवे झाडू, ताज्या रंगवलेल्या गाड्या आणि हार घातलेले बैल. ज्यांची सावली टाळली जात असे त्यांना त्या दिवशी शहराने रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून पाहिले. पुढे शहराच्या भविष्याचे देखावे होते, त्यांत नवी घरे, ग्रंथालय, बागा होत्या. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले गेले आणि लोकांना रोपे वाटली गेली. शहर स्वच्छ झाले, लोकांचा संशय गेला आणि प्लेगची भीती ओसरली. १९१८ साली इंदूरचा त्यांचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

त्याच १९१७ सालाने त्यांचे घर मात्र उद्ध्वस्त केले. थोरला मुलगा ॲलस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲना त्या वेळी भारतातच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना हा धक्का सोसणार नाही म्हणून गेडिस यांनी मुलाच्या मृत्यूची बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली. थोड्याच आठवड्यांत ॲनाही गेल्या. जेम्स कोर्टच्या भिंतींना त्यांच्याबरोबर चुना लावणारी सोबतीण गेली. इंदूरची मिरवणूक त्यानंतर काही महिन्यांनी निघाली हे लक्षात घेतले म्हणजे या माणसाच्या कामाची जात कळते.

मुंबईत

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. १९२४ पर्यंत ते या पदावर होते. पुढे समाजशास्त्रात मोठे नाव मिळवणारे गो. स. घुर्ये यांना परदेशी पाठवण्यात त्यांचा वाटा होता. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र त्यांनी १९२० साली लिहिले. रवींद्रनाथ टागोरांशी त्यांचा स्नेह होता.

याच वर्षांत मुंबईत दुसरा इतिहास घडत होता. बाबासाहेब १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते आणि परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहत होते. ही चाळ त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ साली परतले. १९२४ च्या जुलै महिन्यात त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने पहिल्या कामांमध्ये हाती घेतले ते सोलापूरचे वसतिगृह. खेड्यातून शिकायला आलेल्या आपल्या मुलाला शहरात कोणी खोली देत नाही, म्हणून शिक्षणाचा प्रश्न आधी निवाऱ्याचा प्रश्न होतो, हे बाबासाहेबांना बडोद्याच्या अनुभवापासून पुरते ठाऊक होते. १९१७ साली तिथे परदेशी पदव्या घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळाली नव्हती.

त्याच १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभ्या केल्या. सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली, मजल्यावर सार्वजनिक संडास, सगळ्या इमारती एकसारख्या. ज्या पद्धतीविरुद्ध गेडिस आयुष्यभर लिहीत होते तिचा हा नमुना. घरे मोजली गेली, माणसांचे जगणे मोजले गेले नाही. ते जगणे मग लोकांनीच उभे केले. वाचनालये, व्यायामशाळा, भजनी मंडळे, कामगार संघटना आणि पुढे बुद्धविहार, हे सारे त्या चाळींतल्या माणसांनी स्वतःच्या वर्गणीतून घडवले. नकाशात नसलेल्या या सेवांनीच चाळीला वस्ती बनवले. आपल्या चळवळीची किती माणसे त्या सोळा बाय दहाच्या खोल्यांतून आणि जिन्याखालच्या दिव्यातून घडली याची आठवण प्रत्येकाने आपल्या घरात विचारून पाहावी.

त्यांची नजर जिथे पोहोचली नाही

आता उणिवेबद्दल. गेडिस यांना भारतातली जुनी गावे फार आवडत. पार, विहीर, वाडा, वळणावळणाची गल्ली यांत त्यांना माणुसकीची ऊब दिसे. ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या पारावर कोण बसू शकत होते आणि त्या विहिरीवर कोण चढू शकत नव्हते, हा प्रश्न त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी कधी आला नाही. जातवार वसलेले मोहल्ले त्यांना समाजाची नैसर्गिक वीण वाटत. गावाच्या कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ज्यांना ठेवले होते त्यांच्यासाठी ती वीण म्हणजे फास होता. १९४८ साली संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या उदात्तीकरणाला जे परखड उत्तर दिले ते गेडिस यांच्यासारख्या सहृदय माणसांनाही लागू पडते.

दुसरे उदाहरण सांडपाण्याचे. खर्चिक भूमिगत गटारांऐवजी मैल्याचे आणि कचऱ्याचे खत करून त्यावर बागा फुलवाव्यात, असे ते सुचवत. पर्यावरणाच्या दृष्टीने हा विचार आजही आकर्षक वाटतो. पण तो मैला उचलणार कोण? भारतात त्या कामाला जात होती. गटाराचा खर्च वाचवणे म्हणजे पुष्कळदा एका समाजाच्या डोक्यावरची पाटी कायम ठेवणे होते. इंदूरच्या मिरवणुकीत सफाई कामगारांच्या डोक्यावर नवा फेटा आला. दुसऱ्या दिवशी ते त्याच कामावर गेले. सन्मान खरा होता, पण तो एका दिवसाचा होता. काम आणि जात यांची गाठ सोडवल्याशिवाय स्वच्छ शहर हे कोणाच्या तरी अपमानावर उभे राहते. ही गोष्ट गेडिस यांच्या अहवालांतून शिकता येत नाही. ती बाबासाहेबांकडूनच शिकावी लागते.

म्हणून आम्ही गेडिस यांना नाकारत नाही. त्यांची पद्धत घ्यावी आणि तिला आपला प्रश्न जोडावा, असे आमचे म्हणणे आहे. सहृदय योजनेतही कोण वगळले गेले हे तपासायचे काम वगळलेल्यांनाच करावे लागते.

अखेरची वर्षे

१९२४ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी मुंबई सोडली आणि दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी स्कॉट्स कॉलेज हे निवासी केंद्र उभारायला घेतले. सत्तरी ओलांडलेला हा माणूस पुन्हा दगड, बाग आणि वसतिगृह यांतच रमला. १९२५ साली त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. त्यात छोट्या घरांच्या गटांमध्ये सामायिक बागांची आखणी होती. १९३२ च्या सुरुवातीला त्यांनी सर हा किताब स्वीकारला. पूर्वी एकदा त्यांनी तो नाकारला होता. १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. नगररचनेतली पुढची पिढी, विशेषतः अमेरिकेचे लुईस ममफर्ड, स्वतःला त्यांचे शिष्य मानत राहिली.

आपण काय करायचे

आज मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा सगळ्या शहरांत आपल्या वस्त्या पुनर्विकासाच्या दारात उभ्या आहेत. बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. चांगले, पक्के, स्वतःचे संडास असलेले घर आपल्या माणसाला मिळायलाच हवे. त्याला विरोध करणारे बहुधा स्वतः सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभे राहिलेले नसतात. गेडिस यांची आठवण जुन्या चाळीचे गोडवे गाण्यासाठी वापरली जाऊ नये. मोडकळीला आलेली इमारत पाडावीच लागते. प्रश्न एवढाच की तिच्याबरोबर वस्ती पाडली जाते की नव्या जागेत वस्तीही उभी राहते.

म्हणून तरुणांना आमचे काही ठोस सांगणे आहे.

विकासकाचे सर्वेक्षण येण्याआधी आपले सर्वेक्षण करा. शिकलेली दहा मुले-मुली चार रविवारांत एक वस्ती सहज मोजू शकतात. घरे, माणसे, भाडेकरू, विधवा आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, अपंग, घरातच धंदा करणारी कुटुंबे यांची नोंद करा. कागद नाहीत म्हणून कोण अपात्र ठरू शकते याची यादी आधीच आपल्या हातात असू द्या. गेडिस आधी चालत आणि मग नकाशा काढत. ही मोजणीच आपली ताकद आहे.

वस्तीत आज कोणत्या सेवा आहेत त्यांचाही नकाशा करा. विहार, अभ्यासिका, बालवाडी, महिला मंडळाची खोली, दवाखाना, व्यायामशाळा, लग्नाला आणि दुःखाच्या प्रसंगी मंडप पडतो ती जागा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटीचे कार्यालय यांची तरतूद आहे. ती मंजूर नकाशात कुठे दाखवली आहे ते पाहा. तळघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात दाखवली असेल तर वेळीच हरकत घ्या. इमारत उभी राहिल्यानंतर त्या जागेला कुलूप लागणार नाही यावरही लक्ष ठेवा.

नव्या इमारतीचा मासिक खर्च आधी लिहून काढा. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सफाई. नाका कामगार किंवा घरकाम करणारी बाई हा खर्च दर महिन्याला देऊ शकेल का? देखभाल निधी किती आणि तो कोणाच्या ताब्यात राहणार? फुकट मिळालेले घर देखभालीच्या बोजाने विकावे लागले तर ते परवडणारे घर नव्हतेच. पाऊसपाणी साठवणे आणि छतावरची सौरऊर्जा यांची मागणी पर्यावरणप्रेमासाठी जरूर करा, पण त्याहून अधिक महिन्याचे बिल कमी व्हावे यासाठी करा.

सोसायटीचा कारभार आपल्या हाती घ्या. एडिंबराच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृह स्वतः चालवले, सोलापूरपासून आपल्या समाजाने वसतिगृहे चालवली. हिशेबाची वही उघडी ठेवा, कमिटीत निम्म्या स्त्रिया घ्या, बैठका विहारात भरवा. मतभेद असतील तर तिथेच मिटवा. विकासक दोन गट पाडतो आणि वस्ती तिथेच हरते, हे आपण पुष्कळदा पाहिले आहे.

आणि शेवटी, त्या इमारतीचे जिने झाडणारा, गटार उपसणारा माणूस कोण आहे, त्याला किती पगार मिळतो, त्याला राहायला घर आहे का, हेही विचारा. तो बहुधा आपल्यातलाच असतो. त्याचे घर आराखड्यात नसेल तर आराखडा अपुरा आहे, असे ठणकावून सांगा. हा मुद्दा गेडिस यांच्या कागदांत आला नाही. आपल्या कागदांत तो पहिल्या पानावर यायला हवा.